चौदा नंबरची खुंटी

ये साबा, दार ओढून घे, ते आपोआप लागत नाही.
पायऱ्या नऊ. आठवी तुटकी.
रिओनी नदी फुगली की ओल इथपर्यंत चढते,
भिंतीवरची ही रेघ बघ,
तरी लोखंडाला गंज नाही,
कारण रोज कुणाचा तरी हात लागतो त्याला.

महिन्याचे तीस लारी.
नसतील तर शनिवारी फरशी पुसायची.
खडू त्या डब्यात, चिमूटभर घे,
तू काही पाव मळायला आलेला नाहीस.
आरसा एकच आहे, तोही तडकलेला.

पहिले दोन आठवडे नुसती दांडी.
रिकामी म्हटलं तरी वीस किलोची आहे ती.
चकत्या आमच्या वालिकोनं ओतल्या,
कुतैसीच्या ट्रक कारखान्यात, रात्रपाळीला,
मुकादमाचा डोळा चुकवून.
पाचची पाच भरते, दहाची सव्वादहा,
आणि वीसच्या दोन आहेत, त्यातली ही खरबरीत
नक्की किती ते वालिको जाताना सोबत घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी जिना उतरताना
कठडा धरून रडावंसं वाटेल.
चौथ्या दिवशी निम्मे येतच नाहीत.
तू आलास तर माझ्याकडे गरम लोबियानी आहे,
अर्धी देईन.

कपडे तिथे टांग.
नाही, तिथे नको. चौदा सोडून कुठेही.

ती इझोल्दाची.
ऑक्टोबरात आली, हातात भाजीची पिशवी,
पिशवीतून तारखुनाची जुडी डोकावत होती.
मला वाटलं वरच्या शिंप्याकडे निघालेली बाई जिना चुकली.
म्हणाली, ब्याऐंशी किलो उचलायचेत.
मी वय विचारलं.
त्रेसष्ट, म्हणाली, आणि ते विचारायला नको होतं.
बरं, पण ब्याऐंशीच का? ऐंशी का नाही?
तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवली.
गिवी ब्याऐंशी किलोचा आहे.
खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर.
मुलगा पोलंडात ट्रक चालवतो.
शेजारी पहिला महिना आले.

मी तिला वाकायला शिकवलं.
पाठीनं नाही, मांड्यांनी.
वजन अंगाशी धर, जितकं लांब तितकं जड.
हे लग्नाच्या आधी सांगायचं कुणीतरी, ती म्हणाली,
आणि हसता हसता दांडी पायावर आपटली.

नोव्हेंबरात तीस. नव्या वर्षाला चाळीस.
एकमेकांचे दंड मोजणारी ती पोरं
तिची पाळी आली की गाणं बंद करायची.
मी भिंतीवर खडूनं आकडा मांडायचो.
एकदा तिनं शेजारी दुसरा लिहिला, बारीक अक्षरात:
शहात्तर.
मला आधी कळलंच नाही.
मग एकाहत्तर. मग पासष्ट.
तिचा आकडा वर सरकायचा, त्याचा खाली,
आणि मी, चाळीस वर्षं वजनं मोजणारा माणूस,
कुणासाठी खूश व्हावं ते ठरवू शकायचो नाही.

मार्चमधला मंगळवार, वीज गेलेली.
मेणबत्तीच्या उजेडात तिनं साठ उचलले.
मी टाळी वाजवायला हात वर केले
तर ती भिंतीकडे बघत होती. तिथे बासष्ट होते.
विचारलं, ती खरबरीत चकती खरी किती भरते?
मी म्हटलं, बावीस.
मला काय माहीत किती भरते.
तिनं खडू उचलला, थोडा वेळ तसाच धरला,
परत डब्यात ठेवला.

एप्रिलपासून आली नाही.
तीस लारी मात्र दर महिन्याला येतात
शेजारच्या पोरीच्या हाती, घडी घालून,
आणि बूट तिथेच लटकलेत, नाडीला गाठ मारून.
मी पोरीला काही विचारत नाही.
विचारायला हवं बहुतेक.

चल. पाय खांद्याइतके लांब.
अजून जवळ ये.
दांडी नडगीला टेकू दे, खरचटेल जरा,
खरचटलं म्हणजे बरोबर उभा आहेस.